पेन थांबवायचं नाही

८ जानेवारी, सोमवार

आईचं म्हणणं, मी आता समाजात मिसळायला हवं. हे ती बोलली तेव्हा आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसून एकाच पुस्तकातली भूमिती सोडवत होतो. गेली कित्येक वर्षं आमचं हेच चाललंय. मिसळायला आसपास फक्त फ्रीज होता.

घरी शिकणाऱ्या मुलांच्या आयांचा एक गट आहे. कुणाच्या मुलाने कुठे सेवा करावी हे त्या आया एकमेकींना कळवतात. आईने एकेक जागा वाचून दाखवली. सार्वजनिक बाग. नको, नुसती माती. प्राण्यांचा निवारा. तिथे कुत्र्यांना नावाने हाक मारावी लागते आणि माझं गाडं नावांवरच अडतं. वाचनालय मी गेल्या वर्षी करून पाहिलंय. माझा पाय सारखा हलतो, पायामुळे टेबल हलतं आणि टेबलामुळे वाचणारे हलतात, असं ग्रंथपालबाईंनी आईला गोड शब्दांत सांगितलं होतं.

मग आईने वाचलं, "दृष्टिहीनांच्या अभ्यासकेंद्रात लेखनिक हवेत." परीक्षेत उमेदवार उत्तरं तोंडी सांगणार आणि आपण ती लिहायची. सराव सकाळचा असतो, म्हणून शाळेतली मुलं मिळत नाहीत.

मी परीक्षेच्या खोलीत आयुष्यात बसलेली नाही. तिसरीत असताना आईने मला शाळेतून काढलं, कारण मी त-त-प-प करायचे आणि वर्ग टेबलं बडवून माझी वाक्यं पुरी करायचा. आता माझी वाक्यं आई पुरी करते. ती टेबल बडवत नाही, एवढाच फरक.

मी म्हटलं, "मी ज... ज..."

"जाईन म्हणतेस," आई म्हणाली. "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, पण सावकाश. नव्या सत्रात मला शाळेत जायचंय हे मी तिला डिसेंबरात सांगितलं, तेव्हाही बघूच मिळालं. शाळेत कोण मला खाणार आहे? एका बाकावर बसून बघायचंय, बस्स.

११ जानेवारी, गुरुवार

गेलो. आई सोबत आलीच. एका जुन्या बँकेच्या वरच्या मजल्यावर केंद्र आहे. जिन्याच्या कठड्याला प्रत्येक मजल्यावर एक खाच केलीय, हाताला कळावी म्हणून. दाराशी छत्र्यांचं पिंप आणि आत लांब टेबलं.

केंद्र चालवणारे सर निवृत्त शिक्षक आहेत. कानावर पेन्सिल, आणि ती ते दिवसभर शोधत असतात. त्यांनी विचारलं, "कितवीत?"

"ती तशी बारावीचं गणित करते," आई म्हणाली.

सरांचा चेहरा पडला. नियम असा की लेखनिक दहावी पास नसावा, नाहीतर तो स्वतःच पेपर सोडवेल. "दहावीची परीक्षा दिलीय का?"

मी मान हलवली. नाही.

"कुठलीच परीक्षा दिलेली नाही?"

परत नाही. सर एवढे खूश झाले की त्यांनी मला बिस्किट दिलं. कुठेच शिकत नसणं ही माझी पहिली लायकी ठरली. आई माझ्या आधीच जिना उतरून गेली.

१६ जानेवारी, मंगळवार

माझी उमेदवार आज भेटली. त्या एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहेत. जन्मापासून दिसत नाही. वय आईपेक्षा थोडं जास्त, आवाज असा की वाटतं ही बाई आता आपल्याला कुठल्यातरी वॉर्डाला जोडून देणार. तिथे ऑपरेटर हवा असला की नऊ दाबतात, म्हणून सगळं हॉस्पिटल त्यांना नऊ नंबर म्हणतं. मी "बाई" म्हटलं तर म्हणाल्या, "बाई म्हटलं की छडी आठवते. मावशी म्हण."

हॉस्पिटल आता फोनचं काम यंत्राला देणार आहे. मावशींना भेटीच्या वेळा ठरवणाऱ्या खिडकीवर घेतील, पण त्या जागेला दहावी पास लागते. त्यांची शाळा लहानपणीच सुटली होती. आता बाकी सगळे विषय निघालेत, राहिलाय विज्ञानाचा. मार्चमध्ये परीक्षा. नापास झाल्या तर घरी.

"एवढी वर्षं त्या खुर्चीत बसून मी अख्ख्या हॉस्पिटलाला सांभाळलंय," मावशी म्हणाल्या. "आता घरी बसून काय, भिंतीला फोन लावू?"

मला प्रश्न वाचून दाखवायचे होते. पहिल्याच "प्र" ला मी अडकले. जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेना. मी वाट बघत होते, आता या पुरं करतील. त्या बसून राहिल्या, हातातली पिशवी चाचपत. शेवटी शब्द आला.

"तुम्ही मध्ये ब... बोलला नाहीत," मी म्हटलं.

"फोनवर मध्ये बोललं की समोरचा फोन ठेवतो. धंद्याची सवय."

घरी आल्यावर आईने विचारलं, कसं झालं. मी सांगायला लागले आणि शेवट तिनेच केला. चुकीचा केला, पण मी दुरुस्त नाही केला, कंटाळा आला.

२५ जानेवारी, गुरुवार

प्रकाशाचा धडा. भिंगं मावशींच्या डोक्यात काही केल्या बसत नाहीत. आज मी घरून चमचा नेला. पाठ फुगीर, ती बहिर्गोल. पोट खोलगट, ते अंतर्गोल. त्यांनी चमच्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ज्या बाईला उजेड म्हणजे काय ते ठाऊक नाही तिला विचारतात, लांबचं न दिसणाऱ्याला कुठलं भिंग द्यावं. मी म्हणते, त्याला माझ्याकडे पाठवा, समजूत काढते."

मग सराव परीक्षा झाली. तोच प्रश्न आला आणि मावशींनी छातीठोकपणे सांगितलं, "बहिर्गोल." चूक. पाचच मिनिटांपूर्वी चमचा हातात होता. मी "अंतर्गोल" लिहून टाकलं. पुढे आणखी दोन ठिकाणी तसंच केलं. त्यांना येत होतंच ना, फक्त तोंडातून उलटं गेलं. आईसुद्धा माझं लिहिलेलं वाचताना पेन्सिलीने हलकेच सुधारते आणि पुढे जाते. त्यात एवढं काय.

झोप येत नाहीये असं नाही, पण पाय थांबत नाहीये.

१ फेब्रुवारी, गुरुवार

वाट लागली.

सरांनी पेपर तपासून आणला. प्रकाशाच्या धड्यात पैकीच्या पैकी. "नऊ नंबर, कमाल केलीत," सर म्हणाले. मला वाटलं मावशी खूश होतील.

त्या म्हणाल्या, "भिंगाच्या प्रश्नाला किती दिलेत?"

"पूर्ण."

"मी बहिर्गोल सांगितलं होतं. बसमध्ये बसले आणि लक्षात आलं, चुकलं. घरी जाऊन कपाळ बडवलं. हा आठवडाभर घोकतेय, चमच्याचं पोट, चमच्याचं पोट." मग माझ्याकडे तोंड वळवलं, अगदी नेमकं. "माझी चूक कुठे गेली?"

मी पेनाला टोपण लावलं.

"तुला काय वाटलं, मी बिचारी?"

सर म्हणाले, जाऊ द्या, पोर आहे, चांगल्या मनाने केलं. त्यावर मावशी म्हणाल्या, "चांगल्या मनाचीच भीती वाटते मला. वाईट मनाचा माणूस निदान ऐकू येतो. सर, मला दुसरा लेखनिक बघा." पिशवी उचलली, काठी उघडली आणि गेल्या. कठड्यावरच्या खाचांना हात लावत खाली उतरताना मी त्यांना वरून बघितलं.

मला राग आला आहे. मी फुकट जाते, पहाटे उठून जाते, आणि वर हे. शिवाय बरोबरच लिहिलं होतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, त्यांचं बरोबर आहे. ती म्हणाली, "तू मदतच केलीस. लोकांना मदत घेता येत नाही." आणि मला जवळ घेतलं. मी तिचे हात सोडवले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. तिने काहीच वाईट केलं नव्हतं.

बाबांचा फोन आला. ते लांब पल्ल्याचा ट्रक चालवतात, महिन्यातले फार थोडे दिवस घरी असतात आणि तेही घोरत. म्हणाले, "काय ग, समाजसेवा कशी चाललीय?" मी फोन आईला दिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी फोन वाजला. आईने उचलला. मला पलीकडूनही तो आवाज ओळखू आला, वॉर्डाला जोडून देणारा.

आई म्हणाली, "हो, आहे ना. तिला फार वाईट वाटलं हो. ती म्हणते की तिने मुद्दाम..." आणि थांबली. ऐकत राहिली. तिचा कान लाल झाला. मग तिने रिसीव्हर माझ्याकडे धरला आणि म्हणाली, "त्या म्हणतात, तिला बोलू द्या."

शाळेतल्या सगळ्या मुलांची त्याच दिवसांत स्वतःची परीक्षा आहे, म्हणून सरांना दुसरा लेखनिक मिळालेला नाही. मावशी म्हणाल्या, "म्हणजे मला तू नको आहेस, पण तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही. असं चालेल?"

"च... चालेल."

"माफी मागणार आहेस का?"

मी म्हटलं, "मागतेय. वेळ लागतोय."

तिकडून हसल्याचा आवाज आला. "घे वेळ. फोनचं बिल हॉस्पिटलाचं."

मी मागितली. लांबली, पण पुरी झाली. फोन ठेवला तर आई खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होती. कुंडी भरून खाली सांडेपर्यंत घालत होती.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

नवे नियम. दारातल्या छत्र्यांच्या पिंपात डोकं ठेवायचं आणि हात घेऊन आत यायचं, असं मावशींनी सांगितलं. ते ठीक, मला वाटलं सोपं आहे. त्या जे सांगतील ते लिहायचं.

सोपं नाहीये. तिसऱ्याच उत्तराला त्या म्हणाल्या, "थांबलीस."

"लिहिलं मी. तुम्ही म्हणालात तेच ल... लिहिलं."

"लिहिलंस, पण आधी थांबलीस. टेबलावर पेनाचा आवाज येतो मला. चाललेलं पेन थांबलं की कळतं, पोरगी विचारात पडली. म्हणजे माझं चुकलं. मग मी बदलणार. मग पास कोण झालं?"

म्हणजे चुकीचं नुसतं लिहायचं नाही, न थांबता लिहायचं. श्वाससुद्धा तसाच ठेवायचा, कारण तोही त्यांना ऐकू येतो. मग त्या मला मुद्दाम खोटं सांगायला लागल्या. "पाणी शंभर अंशांना गोठतं. लिही. माणसाला तीन मूत्रपिंडं असतात, एक सुट्टीवर. लिही. लोखंड गंजतं कारण त्याला दुःख होतं." दर वेळी माझं पेन अडखळलं. तोंड अडखळायचं ते कमी होतं म्हणून आता हातही.

"चूक लिहिताना तुला एवढं काय टोचतं गं?" मावशींनी विचारलं.

माहीत नाही. चूक दिसली की हातात मुंग्या येतात. आमच्या घरात चूक टेबलावर पडून राहिलेली मी कधी बघितलीच नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

आज थोडं जमलं. "चंद्रावर दूध असतं" हे एका दमात लिहिलं. सर टाळ्या वाजवायला आले आणि त्यांची पेन्सिल कानावरून पडली.

आई हल्ली मला सोडायला येत नाही. मीच नको म्हटलं. पण आज परत येताना ती बसथांब्यावर होती. म्हणाली, सहज आले होते, दोरा घ्यायला. तिच्या हातात दोरा नव्हता. दुकान बंद असेल.

घरी सगळी कपाटं तिने आवरून ठेवलीत. माझे तिसरीतले स्वेटर तिने घडी करून परत वरच ठेवले, कुणाला दिले नाहीत. मग आवरलं म्हणजे काय केलं, देव जाणे.

३ मार्च, रविवार

मी फुटले. आईने जेवताना विचारलं, आज काय वाचायचं, आणि मी म्हटलं, "मला शाळेत जायचंय. बघू म्हणू नकोस." हे अख्खं वाक्य एकदाही न अडता बाहेर आलं. दोघींनाही धक्का बसला.

आईने चमचा खाली ठेवला. "परत तसंच झालं तर?"

"होईल. ह... हसतील."

"मग?"

"मग हसू देत. मी वेळ घेईन."

तिने ताटं उचलली. धुतलेलीच ताटं परत धुतली. आज "बघू" मात्र म्हणाली नाही.

१० मार्च, रविवार

परवा पेपर. माझा पाय अख्खं घर हलवतोय. आईने विचारलं, काही मदत करू का? मी म्हटलं, खोटी वाक्यं सांग, मी न थांबता लिहिते, शेवटचा सराव. ती म्हणाली, मला खोटं कुठे बोलता येतं? तिला खरंच येत नाही. पहिलंच वाक्य सांगितलं, "सूर्य पश्चिमेला उगवतो," आणि लगेच स्वतःच म्हणाली, "म्हणजे तसं नसतं हं." मी म्हटलं, आई, असं नाही चालत.

मग तिने नीट मनावर घेतलं. डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले आणि संथपणे सांगायला लागली. मासे झाडावर घरटं करतात. दोन अधिक दोन सात. लोणी पाण्यात बुडतं. मला कपाटं आवरायला आवडतं. तू शाळेत गेलीस की मला दिवसभर कितीतरी कामं आहेत. मला जराही भीती वाटत नाही. मी मजेत राहीन.

शेवटची जरा घरगुती होती, बहुतेक तिची विज्ञानातली खोटी संपली असावीत. पण मी एकदाही थांबले नाही. एकदाही. पेन लोण्यासारखं चाललं. मी कागद तिला दाखवला. तिने तो वाचला, एकही दुरुस्ती केली नाही आणि म्हणाली, "आता तुला जमलं."

मग ताटं पुसता पुसता म्हणाली, "जा शाळेत. कुठली ते तूच ठरव."

मी तिला एवढ्या जोरात मिठी मारली की ताट पडलं. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अरे वा, पटवलंस की आईला." पटवलंच म्हणायचं. आज पेनाचं, उद्या शाळेचं. सगळं एकदम सरळ होत चाललंय.

१२ मार्च, मंगळवार

पेपर झाला. हात दुखतोय तरी लिहितेय.

आम्हाला वेगळी खोली दिली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला घड्याळ, आणि पर्यवेक्षकबाई, ज्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या की जणू मी ओठांनी उत्तरं सांगणार आहे. बाहेरच्या मोठ्या खोल्यांमध्ये मुलं रांगेने बसलेली दारातून दिसली. बाकावर डोकी वाकलेली. मला एवढं बघायचं होतं. बघितलं. ती सगळी घाबरलेली दिसत होती, माझ्यासारखीच, आणि त्याने बरं वाटलं.

प्रश्न वाचताना मी सहा-सात ठिकाणी अडकले. पर्यवेक्षकबाई दोनदा पुढे झुकल्या, शब्द पुरवायला. मावशींनी हात वर करून त्यांना थोपवलं. "ती आणते आहे. येऊ द्या."

भिंगाचा प्रश्न आला. मावशींनी हवेत अंगठा फिरवला, चमच्याचं पोट, आणि म्हणाल्या, "अंतर्गोल." मी लिहिलं. हसू आलं ते गिळलं, कारण हसूही ऐकू येतं.

मग तो प्रश्न आला. ध्वनी सर्वांत वेगाने कशातून जातो, हवा, पाणी की पोलाद? कारण द्या. बऱ्याच गुणांचा होता. मावशींचा चेहरा खुलला. सगळं आयुष्य आवाजात गेलेल्या बाईला विचारताय होय, असा.

"हवा," त्या म्हणाल्या. "कारण हवा मोकळी असते. आवाजाला वाटेत काही आडवं येत नाही. पाण्यात तो भिजतो, जड होतो. पोलादाच्या भिंतीला तर तो आपटून परत फिरतो. म्हणून बंद दारामागचं बोलणं आपल्याला नीट ऐकू येत नाही."

पोलाद. उत्तर पोलाद आहे. मला ओरडावंसं वाटत होतं. त्यांची खिडकी, त्यांची खुर्ची, सगळं या एका उत्तरात जाऊ शकतं हे मला कळत होतं. नुसतं एक अक्षर उशिरा लिहिलं असतं तरी त्यांना समजलं असतं. मी लिहिलं. भिजतो, जड होतो, आपटून परत फिरतो. न थांबता, एका श्वासात, पूर्णविराम देऊन. पाय टेबलाखाली हलत होता, तो मी दुसऱ्या पायाने दाबून धरला.

बाहेर आल्यावर मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "निकालापर्यंत एक शब्द नको. आपण आता केक खायचा."

खाल्ला. माझा अर्धा तसाच राहिला. मी चांगलं केलं की वाईट तेच कळत नाहीये. त्यांचं उत्तर चुकीचं होतं, पण होतं मात्र सुंदर.

२४ एप्रिल, बुधवार

निकाल नाही. रोज सरांना फोन करते. त्यांनी आता माझा फोन उचलणं बंद केलंय.

शाळा ठरली. तिथल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, एक चाचणी घेऊन वर्ग ठरवू. त्यांच्यासमोर आई एक शब्द बोलली नाही. मी स्वतःचं नाव सांगायला चिक्कार वेळ घेतला आणि आई तेवढा वेळ टेबलाची कडा धरून बसली होती. मला हायसं वाटलं. ती फारच थंड घेतेय सगळं.

२८ मे, मंगळवार

पास. मावशी पास.

काठावर, अगदी दोनच गुण वर. सर म्हणाले, नऊ नंबर, थोडक्यात वाचलात. मावशी म्हणाल्या, "दोन जास्तच झाले, फुकट गेले." पुढच्या महिन्यापासून त्या खिडकीवर बसणार आहेत. त्यांनी पेढे वाटावेत तशा थाटात सगळ्यांना चॉकलेटं वाटली, पर्यवेक्षकबाईंसाठीसुद्धा एक ठेवलं.

मग मला कोपऱ्यात घेतलं. "बोल आता. काय चुकलं होतं?"

"ध्वनी. प... पोलाद."

"पोलाद?" त्यांनी टेबलाचा लोखंडी पाय बोटाने वाजवला आणि कान टेबलाला लावला. "काय सांगतेस. आणि तुला येत होतं?"

"हो."

"पेन जराही थांबलं नव्हतं. मला वाटलं, आपण बरोबर सांगितलं." त्या हसल्या, आणि मग माझा हात हातात घेऊन बसल्या. "आता ही पास झाली ती मी. कळलं का, कुणी झालं ते?"

कळलं.

निघताना त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?"

"मजेत."

"फार पटकन आलं उत्तर," मावशी म्हणाल्या. "तुझं तर काहीच पटकन येत नाही. फोनवर माझ्याशी बोलणारे 'मजेत' असंच न थांबता म्हणतात. पाठ असतं ना ते."

घरी येऊन हे सगळं लिहायला बसले. मागची पानं चाळत होते, पेपराच्या आधीचा रविवार परत वाचला. मासे झाडावर, दोन अधिक दोन सात, लोणी, कपाटं. मी तिच्याकडे काय मागितलं होतं? खोटी वाक्यं. न थांबता सगळी लिहिलीही. शाबासकी घेतली.

पलीकडच्या खोलीत कपाटाचं दार वाजतंय. या महिन्यात कितव्यांदा आवरतेय कोण जाणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वही घेऊनच गेले. आई स्टुलावर बसली होती, मांडीवर माझा तिसरीतला स्वेटर. मी खाली बसले. म्हटलं, "त्या र... रविवारची वाक्यं परत सांग. या वेळी खरी."

तिने स्वेटरची घडी मोडली. तिच्या तोंडाशी शब्द येत होता आणि परत जात होता. मला माहीत होतं तो कुठला शब्द आहे. मी पुरवू शकले असते. मी पेन टेकवून बसून राहिले.

ती सांगेल तसं इथे लिहितेय, एक अक्षर न बदलता.

मला भीती वाटते.

तू गेल्यावर त्या टेबलाशी मी काय करू, मला माहीत नाही.

तू अडखळायचीस तेव्हा तुझं वाक्य मी पुरं करायचे, कारण मला ऐकवत नव्हतं. तुला नाही, मला.

तरी तू जा.

आणि कपाटं आवरायला मला मुळीच आवडत नाही. लिहिलंस?

लिहिलं.